चेन शैलीचा सराव : आधी उभे राहणे, मग धागा, मग मुसळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६. दोन वर्षे ताई ची या चिनी मुष्टिविद्येचा चोवीस हालचालींचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका, करून झाला आहे आणि आता याच विद्येच्या चेन शैलीकडे वळावेसे वाटते. चित्रफिती पाहून खाली बसलेल्या पवित्र्यात सराव सुरू केल्यापासून उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला आहे. शिक्षक परगावचे असल्याने वर्षातून दोनदाच भेटतात आणि ‘रोज वीस मिनिटे नुसते उभे राहा’ हा त्यांनी दिलेला गृहपाठ तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो. शेवटी तुम्ही विचारले आहे की पाओचुई, म्हणजे उड्या, ठोसे आणि झटके असलेला वेगवान दुसरा फॉर्म, केव्हा सुरू करावा. मी ही शैली बावीस वर्षे करतो आहे आणि त्यांतली चौदा वर्षे शिकवतोही आहे. तुमच्या सर्व प्रश्नांचे मूळ मला एकाच जागी दिसते, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही जे शिकलात त्याचे आणि चेन शैलीचे नाते आधी पाहू. चोवीस हालचालींचा फॉर्म १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीच्या आधारे तयार करवून घेतला. लांबलचक पारंपरिक फॉर्ममधील पुनरावृत्ती गाळून तो सर्वसामान्यांना पाच-सहा मिनिटांत करता यावा, हा त्यामागचा हेतू होता. यांग शैलीचे मूळ पुरुष यांग लूचान (१७९९ ते १८७२) यांनी आपली विद्या हेनान प्रांतातील वन परगण्यातल्या चेनजियागोउ या गावी चेन चांगशिंग (१७७१ ते १८५३) यांच्याकडे घेतली. हे गाव पीत नदीच्या उत्तरेला आहे. सतराव्या शतकात, मिंग राजवट कोसळून चिंग राजवट येत असताना, त्याच गावातील चेन वांगतिंग या निवृत्त लढवय्याने घराण्याची मुष्टिविद्या बांधली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. वूदांग डोंगरावरील एका ताओपंथी साधूने स्वप्नात ही विद्या मिळवली ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला कागदोपत्री आधार मिळत नाही. उलट, मिंग काळातील सेनापती ची जिगुआंग यांनी सोळाव्या शतकात आपल्या सैनिकी ग्रंथात ३२ मुष्टिपवित्रे नोंदवले होते आणि त्यांतील कित्येक नावे चेन फॉर्ममध्ये आजही जशीच्या तशी आढळतात. त्या बत्तिसांतला पहिला पवित्रा ‘आळसावून अंगरखा खोचणे’ हा आहे. कामाला लागताना आपल्याकडे पदर खोचतात, तसा लांब झग्याचा सोगा कमरेला खोचून माणूस भिडायला तयार होतो. चेन फॉर्ममध्येही हा पवित्रा अगदी सुरुवातीलाच येतो.

तेव्हा तुम्ही जे दोन वर्षे केलेत ते याच झाडाच्या एका फांदीचे कलम आहे. मात्र कलम करताना काही गोष्टी मुद्दाम छाटल्या गेल्या आहेत. एका सारख्या वेगाने, सारख्या उंचीवर, कोठेही धक्का न देता चालणारी जी लय तुम्हाला ताई चीची ओळख वाटते, ती यांग घराण्यात, विशेषतः यांग चंगफू (१८८३ ते १९३६) यांच्या काळात, पक्की झाली. चेन शैलीत संथ आणि वेगवान, मऊ आणि कठीण अशा दोन्ही गोष्टी एकाच फॉर्ममध्ये येतात. प्रत्येक हालचालीत पीळ उघडपणे दिसतो. पाय आपटला जातो, ठोसा फुटतो आणि पुन्हा सर्व काही संथ होते. चित्रफितीत डोळ्यांत भरतो तो हा फुटणारा भाग. नवशिक्याचे नुकसान तेथूनच सुरू होते, कारण फुटण्याआधी जे साठवावे लागते ते चित्रफितीत दिसत नाही.

चेनजियागोउमधल्या सरावाचा क्रम पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. आधी झानझुआंग, म्हणजे खांबासारखे उभे राहणे. त्यासोबत चानसीजिन, म्हणजे रेशमाचा धागा गुंडाळण्याचे व्यायाम. मग लाओजिया यीलू, म्हणजे जुन्या चौकटीचा पहिला फॉर्म, ज्यात मोजण्याच्या पद्धतीनुसार ७४ किंवा ७५ पवित्रे भरतात. आणि तो वर्षानुवर्षे घोटल्यावर दुसरा फॉर्म, म्हणजे तुमची पाओचुई. तलवार, पाते, भाला आणि लांब दांड्याची कोयत्यासारखी गुआनदाओ ही शस्त्रे आणि दोघांनी मिळून करायचा तुईशोउ, म्हणजे हात जोडून ढकलण्याचा सराव, हे याच वाटेवर जोडले जातात. चेन फाके (१८८७ ते १९५७) यांनी १९२८ नंतर बीजिंगमध्ये जो प्रकार शिकवला त्याला पुढे शिनजिया, म्हणजे नवी चौकट, असे नाव पडले. त्यात ८३ पवित्रे असून पिळाची वर्तुळे अधिक आणि उघड आहेत. नवी की जुनी, या वादात तुम्ही आत्ता पडू नये. जी चौकट तुमचे शिक्षक जाणतात, ती तुमची.

आता उभे राहण्याविषयी, कारण तुमची तक्रार तेथे आहे आणि माझ्या मते तुमचे औषधही तेथेच आहे.

पाय खांद्यांइतके रुंद, पावले समांतर, गुडघे किंचित वाकलेले. उंच स्टुलाच्या कडेवर बसण्यासाठी नितंब मागे-खाली सोडावेत तशी कंबर सोडायची. त्यामुळे माकडहाड खाली लोंबते आणि कमरेतला पोकळ बाक भरून येतो. डोक्याचा माथा वरून दोरीने हलकाच धरल्यासारखा, हनुवटी किंचित आत, खांदे उतरलेले, कोपरे जड, हात छातीसमोर मोठे मडके कवटाळल्यासारखे आणि जीभ टाळूला टेकलेली. श्वासाला कोणतीही शिस्त लावायची नाही, तो येतो तसा येऊ द्यायचा. आपल्याकडे लहानपणापासून ‘छाती काढून उभा राहा’ असे शिकवलेले असते, आणि तालमीतून आलेल्या मुलांची तर छाती पुढेच असते. येथे छाती पुढे काढायची नाही आणि पोक काढूनही उभे राहायचे नाही. उरोस्थी जराशी खाली सोडायची, इतकेच. ही एक सूचना अंगात उतरायला मला तीन वर्षे लागली, आणि मध्येच केव्हातरी ती हरवते, हे आजही माझ्या लक्षात येते.

चिनी शिक्षक येथे पुन्हा पुन्हा एकच शब्द उच्चारतात : फांगसोंग, किंवा नुसते सोंग. अर्थ असा की सैल हो, पण ढेपाळू नकोस. दोरीचा ताण जाऊ दे, दोरी राहू दे. मराठीत हा शब्द ऐकताना हसू येते, आणि ते योग्यही आहे, कारण पहिल्या सहा महिन्यांत आपण सैल होण्याचे मराठी सोंगच घेत असतो. चेहरा शांत असतो आणि खांदे कानाला टेकलेले असतात. सगळी सोंगे आणता येतात, चिनी सोंगचे तेवढे आणता येत नाही, कारण वीस मिनिटे उभे राहिल्यावर मांड्या खोटे बोलू देत नाहीत. तुम्हाला दिलेली वीस मिनिटे त्यासाठी आहेत. पहिल्या पाच मिनिटांत स्नायूंच्या जोरावर उभे राहता येते; बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो जोर संपतो आणि मग शरीराला हाडांच्या रचनेवर उभे राहण्याचा मार्ग शोधावा लागतो. जो भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटतो, नेमका त्याच भागात शिक्षण चाललेले असते. तरीही मी म्हणेन की वीस मिनिटांपासून सुरुवात करू नका. सात मिनिटे नीट उभे राहा आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. चुकीच्या चौकटीत, म्हणजे शरीराच्या चुकीच्या ठेवणीत, वीस मिनिटे उभे राहिलात, तर चूकच वीस मिनिटे घोटली जाईल.

चेन घराण्यातील आजच्या ज्येष्ठ पिढीतले चेन श्याओवांग यांच्या शिबिरांची एक पद्धत प्रसिद्ध आहे. सर्वजण उभे असतात आणि ते एकेकापाशी जाऊन हातांनी चौकट दुरुस्त करतात. कंबर दोन बोटे मागे, एक खांदा बोटभर खाली, गुडघा किंचित बाहेर. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. ज्याची दुरुस्ती झाली त्याच्या मांड्या मात्र अर्ध्या मिनिटात थरथरू लागतात, कारण इतका वेळ पाठीने आणि खांद्यांनी चोरलेले वजन अखेर पायांवर येते. असा हात आपल्या अंगावर वर्षातून दोनदा पडणार असेल, तर दोन शिबिरांच्या मधल्या काळात तो जेथे पडला होता ती जागा आठवणे हाच तुमचा गृहपाठ. मी शिबिराच्या शेवटच्या दिवशी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपापल्या तीन दुरुस्त्या वहीत लिहून घ्यायला लावतो. तीनच, अधिक लिहिल्या तर एकही होत नाही.

आता रेशमाचा धागा. कोषातून धागा काढताना हात थांबला तर धागा गुंततो आणि हिसका दिला तर तुटतो. मराठवाड्यात तुती लावून कोष काढणाऱ्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. कोष फिरतो आणि धागा सरळ निघतो, म्हणजे सरळ दिसणाऱ्या ओढीच्या मुळाशी फिरकी असते. चेन शैलीचे सारे मर्म या फिरकीत आहे. एका हाताचा मूलभूत व्यायाम मी येथे सविस्तर सांगतो, कारण फॉर्मचे उरलेले सगळे पवित्रे याच्याच बेरजा-वजाबाक्या आहेत.

पाय खांद्यांहून बरेच रुंद ठेवा. वजन उजव्या पायावर, डावा हात कमरेवर, उजवा हात उजवीकडे खांद्याच्या उंचीवर पसरलेला. प्रथम उजवे कोपर जड होऊ द्या. कोपर उतरले की हात त्याच्या मागून खाली येतो, करंगळी पुढाकार घेते, तळवा हळूहळू वर वळतो आणि त्याच वेळी वजन डावीकडे सरकू लागते. हात पोटासमोर येईल तेव्हा वजनही डावीकडे पोचलेले असले पाहिजे. नंतर धड थोडे डावीकडे वळते आणि हात डाव्या बाजूने छातीपर्यंत चढतो. आता अंगठा पुढाकार घेतो, तळवा बाहेर वळू लागतो, वजन उजवीकडे परत येते आणि हात चेहऱ्यासमोरून जातो. शेवटी कंबर उजवीकडे वळते. खांदा, कोपर, मनगट आणि बोटे या क्रमाने हात पुन्हा पसरतो आणि जागच्या जागी बसतो. करंगळी पुढे असताना होणाऱ्या पिळाला शुनचान म्हणतात आणि अंगठा पुढे असतानाच्या पिळाला नीचान. या चार टप्प्यांना शिक्षक ‘हातापासून कमरेच्या बाजूला, तेथून दानतिएनला, तेथून पाठीला आणि पाठीतून पुन्हा हाताला’ अशा शब्दांत सांगतात. दानतिएन म्हणजे नाभीच्या खाली, पोटाच्या आत मानलेले केंद्र. तेथे ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, नावाचे काही वाहते की नाही, यावर मी वाद घालत नाही. शिकवताना मला इतकेच उपयोगी पडते की हालचालीची सुरुवात तेथून झाली तर हात-पाय एकाच वेळी पोचतात आणि हातापासून झाली तर पोचत नाहीत.

हे स्वतःला तपासता येते. हात फिरवत असताना मध्येच कोठेही थांबा आणि घरातल्या कोणालाही तुमच्या मनगटावर हलकेच दाबायला सांगा. दाब पायापर्यंत गेल्यासारखा वाटला आणि तुम्ही न हलता उभे राहिलात, तर त्या बिंदूपाशी धागा अखंड आहे. खांदा वर उचलला गेला किंवा कंबर मागे मुरडली, तर धागा तेथे तुटला आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत वर्तुळातला जेमतेम एक चतुर्थांश भाग या परीक्षेत टिकत असे, आणि त्या वेळी मी अख्खा फॉर्म ‘येतो’ असे सांगत फिरत होतो. चिनी मुष्टिविद्येत म्हणच आहे की मूठ शिकणे सोपे, मूठ सुधारणे अवघड.

तुमच्या गुडघ्याचे दुखणे याच ठिकाणी येते. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. माझे पुढचे म्हणणे ते झाल्यावरचे आहे. खुबा हा उखळीचा सांधा आहे, तो सर्व बाजूंना फिरू शकतो. गुडघा हा बिजागरीचा सांधा, दाराच्या बिजागरीसारखा तो मुख्यतः उघडतो आणि मिटतो. रुंद पवित्र्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना जे वळणे खुब्यात, म्हणजे जांघेच्या घडीत, व्हायला हवे ते जांघ घट्ट असल्यामुळे तेथे होत नाही, आणि शरीर ते वळण गुडघ्याकडून वसूल करते. गुडघा आत कोसळतो, पाऊल मात्र बाहेर रोखलेले राहते, आणि आतल्या बाजूचे अस्थिबंध व गादी यांवर पीळ बसतो. चिनी शिक्षक ‘क्वा सोडा’ असे दिवसातून शंभर वेळा सांगतात तो क्वा म्हणजे हीच जांघेची घडी. खाली बसलेला पवित्रा हे क्वा उघडल्याचे फळ असते. तो आधी घेऊन क्वा उघडत नाही. गुडघा तेवढा झिजतो.

म्हणून तुम्ही निदान सहा महिने उंच पवित्र्यात सराव करावा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. पाऊल वळवायचे असेल तेव्हा आधी त्यावरचे वजन काढावे, मग टाचेवर ते वळवावे; वजन असताना पाऊल फिरवणे ही चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांची सर्वांत महागडी सवय आहे. सरावाच्या वेळी समोर आरसा ठेवला तर नजर चेहऱ्यावर न ठेवता गुडघ्यांवर ठेवा. ताई ची गुडघ्यांसाठी चांगली असते, असे तुम्ही वाचले असेल, आणि ते खरेही आहे : गुडघ्याच्या संधिवातासाठी अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताई चीची ठाम शिफारस केली आहे. परंतु या विषयावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रमुख चाचणीत रुग्णांना १२ आठवडे यांग शैली शिकवली होती. तो दाखला चेन शैलीच्या खोल पवित्र्याला आणि पाय आपटण्याला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

पाय आपटण्याचा विषय निघालाच आहे, तर फॉर्मच्या पहिल्या मोठ्या पवित्र्याकडे पाहू. त्याचे नाव जिनगांग दाओदुई, म्हणजे ‘वज्रधर मुसळ कांडतो’. हा वज्रधर म्हणजे बुद्धाचा रक्षक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील वज्रपाणीच्या कुळातला. पवित्र्याच्या अखेरीस उजवी मूठ आणि उजवा गुडघा एकदमच वर येतात, मग पाऊल जमिनीवर पडते आणि मूठ पोटासमोर धरलेल्या डाव्या तळव्यात पडते. मूठ हे मुसळ, तळवा हे उखळ. चेनजियागोउमध्ये म्हण आहे की गावचे पाणी प्यालेला प्रत्येकजण पाय उचलू शकतो, आणि दुसरे काही येवो न येवो, जिनगांग दाओदुई तरी येतेच. लाओजियाचा फॉर्म या पवित्र्याने सुरू होतो आणि याच पवित्र्याने संपतो.

ज्याने खरोखर उखळात कांडण केले आहे त्याला ठाऊक असते की मुसळ खाली ढकलायचे नसते; ते उचलायचे आणि सोडायचे असते, काम त्याचे वजनच करते. येथेही तसेच. पाऊल आपटले जाते तेव्हा शरीराचे वजन डाव्या पायावरच असते, उजवे पाऊल सपाट आणि सैल पडते, आणि आवाज येतो तो वरचे अंग एकदम सैल होऊन खाली बसल्यामुळे. मी पहिल्या वर्षी याच्या नेमके उलट केले. आवाज मोठा यावा म्हणून मांडीच्या जोराने पाय हाणत असे, तोही सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर. परिणामी टाच चार महिने दुखली आणि खालच्या मजल्यावरचे काका एके सकाळी वर येऊन ‘काय कुटता आहात?’ असे विचारून गेले. प्रश्न उखळ-मुसळाच्या जवळपास होता, हे मला पुष्कळ नंतर सुचले. तुम्ही पहिले वर्षभर पाऊल आवाज न करता ठेवा. फॉर्मचे त्यात काहीही उणे होत नाही. आपटायचे तेव्हाही माती किंवा लाकडी तळ निवडा.

रोजच्या सरावाला तुमच्याकडे तासभर आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्यातली पंधरा मिनिटे उभे राहण्याला द्या, पंधरा चानसीजिनला दोन्ही बाजूंनी, आणि उरलेला वेळ लाओजियाच्या पहिल्या पंधरा-सोळा पवित्र्यांना. संपूर्ण फॉर्म संथपणे करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तो पाठ करण्याचा मोह तुम्हाला होईल, तो आवरा. पहिल्या भागातच वजनाची अदलाबदल, पीळ, एका पायावरील तोल आणि ‘यानशोउ गोंगच्युआन’ हा पहिला खरा ठोसा, असे सर्व काही आलेले आहे. मी स्वतः पहिल्या दीड वर्षात एकाच भागावर थांबलो नाही, सर्व पवित्रे घाईने जमा केले, आणि पुढची पाच वर्षे ते एकेक करून मोडत बसलो.

यानशोउ गोंगच्युआनमध्ये डाव्या हाताआड उजवी मूठ दडवून धरलेली असते आणि वजन उजव्या पायावर असते. उजवी टाच जमिनीला रेटते, जांघेची घडी वळते, कंबर डावीकडे फिरते, वजन डावीकडे जाते, आणि डावे कोपर मागे जात असतानाच उजवी मूठ पुढे सुटते. मागे जाणारे कोपर आणि पुढे येणारी मूठ एकाच आसाची दोन टोके आहेत. मूठ अखेरच्या क्षणापर्यंत सैल असते, घट्ट होते ती लक्ष्यापाशी, आणि लगेच पुन्हा सैल होते. यालाच फाजिन, म्हणजे साठवलेला जोर सोडणे, म्हणतात. नवशिक्याचा ठोसा खांद्यातून येतो. तो वेगवान असतो, पण त्यामागे कोणी उभे नसते. ओल्या पंच्याला झटका दिला की शेवटचे टोक फटकन वाजते, धरणाऱ्याच्या हाताचा आवाज येत नाही. फाजिनचे गुपित त्या पंच्यात आहे. लांब दांड्याचा सराव याच कारणासाठी केला जातो. तीन-चार मीटर लांबीची, लवचिक पांढऱ्या लाकडाची काठी दोन्ही हातांनी धरून कमरेच्या एका लहान झटक्याने तिचे टोक थरथरवायचे. हातांनी हलवणाऱ्याचे खांदे दहा झटक्यांत भरून येतात आणि काठीचे टोक मात्र सुस्तच राहते, त्यामुळे आपली चूक आपल्याला शिक्षकाशिवाय कळते.

तुईशोउबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण जोडीदार मिळत असेल तर टाळू नका. चेन शैलीत त्याचे पाच प्रकार क्रमाने शिकवतात : जागेवर उभे राहून हातांची वर्तुळे, स्थिर पावलांचा सराव, एक पाऊल पुढे-मागे, अगदी खाली बसून केलेला मोठा ओढ-सराव, आणि शेवटी मोकळ्या पावलांचा. पहिला प्रकार तुम्ही आजही सुरू करू शकता. एकट्याने केलेल्या फॉर्मला कोणी खोटे पाडत नाही; समोरच्याच्या मनगटावर मनगट टेकले की अडलेला खांदा दोन सेकंदांत उघडा पडतो. तालमीत कुस्ती खेळलेला जोडीदार मिळाला तर फारच उत्तम, फक्त ‘जिंकायचे नाही’ ही एक अट त्याला आधी सांगा आणि स्वतःही पाळा.

या सगळ्याला किती वर्षे लागतात, हे विचारले नसले तरी तुमच्या प्रश्नाच्या आड ते आहेच. चेन घराण्यात यिन-यांगच्या, म्हणजे मऊ आणि कठीण यांच्या, प्रमाणात सांगितलेले जुने कडवे आहे (हा यांग म्हणजे यांग शैली नव्हे). एक भाग यिन आणि नऊ भाग यांग असलेला माणूस नुसती काठी, दोन-आठ असलेला विस्कळित, तीन-सात असलेला अजून कडक, चार-सहा असलेला चांगला खेळाडू, आणि पाच-पाच झाला तो निष्णात. मला या कडव्यात आवडते ते असे की पहिली पायरी ‘काठी’ आहे हे त्यात सरळ मान्य केले आहे. तुम्ही आज ताठ आहात याची लाज बाळगण्याचे कारण नाही. चेन फाके यांच्याविषयीही शिष्यपरंपरेत एक गोष्ट सांगतात. लहानपणी ते आजारी आणि सरावाला आळशी होते, आणि त्यांचा एक चुलतभाऊ त्यांच्या फार पुढे गेलेला होता. एकदा रस्त्याने जाताना काहीतरी विसरले म्हणून भावाने त्यांना घरी परत पिटाळले आणि सांगितले, ‘पळत जाऊन ये, मी हळूहळू चालतो, तू मला गाठशील.’ त्या वाक्यावरून मुलाच्या मनात आले की सरावाचेही असेच असणार. पुढे ते रोज तीसतीस वेळा फॉर्म करीत, असे शिष्य सांगत. ४६ व्या वर्षी तुम्ही तीस वेळा करू नये, हे वेगळे सांगायला नको.

ही विद्या टिकली तीही अशा चिकाटीनेच. चेन झाओपी (१८९३ ते १९७२) हे १९५८ साली गावी परतले तेव्हा तेथे शिकणारे फारच थोडे उरले होते. त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या विद्यांवर गदा आली तेव्हाही ते लपूनछपून शिकवत राहिले. चेन श्याओवांग, चेन झेंगलेई, वांग शिआन आणि झू तिआनत्साई ही पुढे जगभर शिकवणारी पिढी त्यांच्याच हाताखालची. डिसेंबर २०२० मध्ये ताई ची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तिच्यामागे गावातले ते कठीण दशक उभे आहे.

राहिला तुमचा पाओचुईचा प्रश्न. मी त्यासाठी वर्षांची अट घालत नाही. लाओजियाचा पहिला फॉर्म पाठोपाठ तीनदा करा. तिसऱ्या वेळी श्वास नाकातूनच चालला पाहिजे, मांड्या जड झाल्या तरी खांदे उतरलेलेच राहिले पाहिजेत, आणि कोणीही मध्येच थांबवून मनगटावर दाबले तर धागा तुटता कामा नये. हे जमले तर शिक्षकांना विचारा. दुसरी परीक्षा मात्र तुमची तुम्हालाच घ्यावी लागेल : त्या तीन फॉर्मनंतरच्या सकाळी, कठडा न धरता, घराचा जिना उतरून पाहा. उजवा गुडघा आतल्या बाजूने जरासाही कुरकुरला, तर अजून उंच पवित्र्यातच राहा आणि उद्या पुन्हा सात मिनिटांपासून उभे राहायला लागा.